टोपी घातलेलं अक्षर

"जगात अशी एक वस्तू दाखवा, जिची किंमत मला सांगता येणार नाही!"

हे वाक्य मापकाका दिवसातून एकदा तरी म्हणत. सकाळी पेपरवाल्यावर ते वाया गेलं नसेल, तर संध्याकाळी काकूंना ऐकावं लागे. आणि खरं सांगायचं तर तो त्यांचा हक्कच होता. घरांचं मूल्यांकन करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कुणाला कर्ज काढायचं असो, भावाभावांत वाटणी असो, बँक आधी मापकाकांना पाठवायची. ते यायचे, खिशातून मोजपट्टी काढायचे, भिंतीवर बोटांनी टकटक करायचे, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकायचे आणि शेवटी खिडकीशी उभं राहून डोळे मिटायचे. डोळे उघडले की आकडा! पुढे ते घर विकलं गेलं की लोक तोंडात बोट घालायचे, इतका तो आकडा जवळ असायचा. होता होता त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि आळीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना मापकाका म्हणू लागली.

मग बँकेने एक प्रोग्राम आणला. त्यात पत्ता टाकला की किंमत बाहेर! ना मोजपट्टी, ना टकटक. बँकेने मापकाकांना शाल दिली, नारळ दिला आणि रजा दिली. त्या दिवसापासून ते घरातल्या घरात वस्तूंच्या किमती सांगत हिंडू लागले. "हा पंखा आज विकला तर काय येईल, सांगू?" काकू म्हणायच्या, "आधी पुसा, मग सांगा."

काकूंचा धाकटा भाऊ छापखाना चालवायचा. लग्नपत्रिका कुणी छापेनासं झालं, तसा हा गृहस्थ दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून श्रीमंत होण्याचे मार्ग शोधायचा. एका दुपारी तो मापकाकांकडे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊजी, तुमची विद्या गंजत चाललीय. आता जमिनीचे प्लॉट जुने झाले. आता नावांचे प्लॉट!"

"कसले?"

"इंटरनेटवर प्रत्येक वेबसाइटला नाव लागतं की नाही? ते नाव आधी कुणीतरी विकत घेऊन ठेवतं. मग ज्याला हवं, तो येतो आणि मागेल ती किंमत मोजतो. आणि सगळ्यात तेजी कशात आहे? चिनी भाषेतल्या नावांत! एवढी माणसं, आणि चांगली नावं मोजकी. फक्त कुठल्या नावाला किती किंमत, हे कळणारा माणूस हवा. अशी नजर आहे कुणाला?"

मापकाका हरभऱ्याच्या झाडावर चढायला कधीपासून तयार बसले होते. मेहुण्याने नुसती फांदी दाखवली!

दोन दिवसांत त्यांनी आपलं शास्त्र बांधलं. "हे बघ," ते मेहुण्याला समजावू लागले, "नाव काय आणि घर काय, एकच. लांबी म्हणजे दर्शनी भाग, नाव जितकं आखूड तितकं रस्त्याला लागून. अर्थ म्हणजे जागा. चिनी लोकांत आठ शुभ आणि चार अशुभ, कारण चारचा उच्चार मरणासारखा होतो म्हणे. म्हणजे चार असलेलं नाव स्मशानाला लागून! त्याला हात लावायचा नाही."

"पण भाऊजी, भाषा?"

"माझ्या हाताखालून इतकी घरं गेली, त्यातल्या किती विटांशी मी बोललो होतो?"

यावर खरं तर कुणाकडेच उत्तर नसतं, म्हणून अशी वाक्यं धोक्याची.

मापकाकांना घरांतलंच काहीतरी हवं होतं. मेहुण्याने शोधून एक तीन अक्षरी नाव काढलं. अर्थ होता 'जुनं घर विकत घेणे'. मापकाका खुर्चीतून उठलेच! पण ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. तेवढ्यात त्याच्या खाली वेबसाइटने दुसरं नाव सुचवलं. तीच तीन अक्षरं. फरक एवढाच की पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक छोटंसं अधिकचं चिन्ह. आणि हे रिकामं होतं, तेही स्वस्तात!

मापकाकांनी चष्मा पुसून दोन्ही नावं पाहिली. "कळलं का तुला? खाली सगळं तेच. वर अधिकचं चिन्ह. म्हणजे हे नाव त्याच्यापेक्षा अधिक! शेजारचाच प्लॉट, वर एक मजला जास्त, आणि भाव निम्म्याहून कमी! लोक आंधळे आहेत, आंधळे!"

"एकदा भाषांतर करून बघू का?"

"डोळ्यांना दिसतंय त्याचं काय भाषांतर करायचं? घे!"

नाव घेतलं. आता ते विकायचं म्हणजे त्या नावाचं एक पान उघडून त्यावर पाटी लावायची. मजकूर अर्थातच मापकाकांनी लिहिला, आणि जन्मभर जशी भाषा लिहिली तशीच लिहिली: 'विकणे आहे. जागा मोक्याची, दर्शनी भाग उत्तम. मालकी निर्वेध, कर्ज नाही, वाद नाही. असं दुसरं मिळणार नाही. ताबा ताबडतोब.' खाली फोन आणि घरचा पत्ता. मेहुणा म्हणाला, पत्ता कशाला? मापकाका म्हणाले, "ज्याला पत्ता नाही, त्याच्याशी व्यवहार कोण करेल?" शिवाय फोटो हवा होता. नाव जुन्या घरांचं, मग फोटो जुन्या घराचा. तो कुठे शोधायला जायचं? मापकाकांनी फाटकाबाहेर उभं राहून स्वतःच्याच घराचा फोटो काढला. दुमजली, उतरत्या छपराचं, हिरव्या खिडक्यांचं. मशीनने मजकुराचं चिनी केलं आणि पान जगापुढे उघडलं.

काकूंना यातलं काहीच सांगितलं नाही. सौदा झाल्यावर सांगू, म्हणजे चेहरा बघण्यासारखा होईल, असा त्यांचा बेत होता. चेहरा खरोखरच बघण्यासारखा झाला. पण ते पुढे.

दोन महिने लोक पानावर नुसते डोकावून गेले, फोन कुणी केला नाही. मग एके दिवशी फोन वाजला. पलीकडे एक तरुण बाई, बोलणं स्वच्छ. "काका, तुमची जाहिरात पाहिली. माझ्या आईने चिनी भाषेतली पाहिली आणि मला दाखवली. तिला फारच आवडलंय. बघायला कधी येऊ?"

"बघायला?" मापकाका जरा घुटमळले. नावात बघण्यासारखं काय असतं? पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. "या की! रविवारी सकाळी या."

मेहुण्याने डोकं खाजवलं. "नाव घ्यायला घरी कशाला येतायत?"

"तुला व्यवहार कळत नाही," मापकाका म्हणाले. "जुनी, मुरलेली माणसं आहेत. माल घेण्याआधी मालक पारखतात. घर बघतील, दोन शब्द बोलतील, मग पैशाचं काढतील. तूही ये रविवारी."

काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, "रविवारी जरा आवरून ठेव. माझ्या एका मालमत्तेला गिऱ्हाईक येतंय."

"तुमची मालमत्ता? या घराशिवाय आणि त्या गंजक्या सायकलीशिवाय तुमच्या नावावर आहे काय?"

"आहे! कळेल!"

काकूंनी सायकलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि गप्प बसल्या. काकू गप्प बसल्या की मेहुणासुद्धा चहा न मागता घरी जायचा.

रविवारी दोघी आल्या. फोनवरची तरुण बाई व्हायोलिन शिकवायची. ती लहानपणापासून याच शहरात वाढलेली. तिची आई सत्तरीची, बुटकी, ताठ, पांढऱ्या केसांचा गच्च अंबाडा. या आजींना चिनीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पण दारातून आत आल्या त्या नुसत्या बघतच सुटल्या. छताकडे बघितलं, फरशीवर टाच दाबून बघितली, भिंतीवर बोटांनी टकटक केलं. मापकाकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं! त्यांनी मेहुण्याला कोपराने ढोसलं, "बघितलंस? पारख म्हणतात ती ही!"

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्या भाषेत घरही 'ते' आणि नावही 'ते'. पुढच्या पाच मिनिटांत जे झालं, त्यात दोष कुणाचा असलाच तर या 'ते'चा.

व्हायोलिनवाल्या बाईंनी विचारलं, "साधारण किती जुनं आहे ते?"

"जुनं? छे! दोन महिन्यांपूर्वी तर घेतलं. अगदी कोरं! माझ्याआधी कुणाच्याही मालकीचं नव्हतं."

बाईंनी डागाळलेल्या तुळईकडे पाहिलं. आजींनी भिंतीला नख लावलं, तर गिलाव्याचा एक पोपडा त्यांच्या हातात आला.

"गळतं का कुठे?"

ही भाषा मेहुण्याकडून मापकाकांच्या कानावर आली होती. नाव टाइप करताना लोक चुकतात आणि दुसरीकडे जातात, त्याला गळती म्हणतात. "थोडी गळती सगळ्यांनाच असते," ते मोकळेपणाने म्हणाले. "माणसं चुकून शेजारच्याकडे जातात, झालं. त्याचं एवढं मनावर घ्यायचं नाही."

बाईंनी हे आईला कसं सांगितलं कोण जाणे! आजींच्या भुवया अंबाड्याला टेकल्या.

"आणि सध्या इथे... म्हणजे, वापर कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही! मोकळंच पडलंय. रोज पाच-दहा अनोळखी माणसं येतात, डोकावतात, निघून जातात. रात्री-अपरात्रीही येतात. आम्ही कुणाला अडवत नाही."

बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. नेमक्या त्याच वेळी काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"मग या कोण?" बाईंनी विचारलं.

"ही माझी बायको," मापकाका हसून म्हणाले. "हिचा यात काही संबंध नाही. हिला मी अजून सांगितलेलंच नाही. म्हटलं, एकदा पैसे हातात आले की सांगू!"

काकूंनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला. एक कप कलंडला, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. "काय सांगितलेलं नाही?"

आणि व्हायोलिनवाल्या बाई, निष्पाप बिचारी, म्हणाल्या, "हे घर विकताय ते."

मेहुण्याने तोंडात घातलेलं बिस्किट चावायचं सोडून विरघळू दिलं.

"अगं, घर नाही! नाव! मी नाव विकतोय!" मापकाका ओरडले.

"नाव?" काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "घर विकायला काढलंत ते काढलंत, आता नावही विकायला काढलंत?"

"ताई, तसं नाही ते," मेहुणा मध्ये पडला. ताईने नुसतं वळून पाहिलं. त्याला एकदम छापखान्यातलं मशीन चालूच राहिल्याची आठवण झाली आणि तो चप्पल हातात घेऊनच पळाला.

बाईंनी गोंधळून फोन काढला आणि ते पान उघडलं. वर हिरव्या खिडक्यांचा फोटो. त्या एकेक ओळ वाचून सांगू लागल्या. "सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: जुनं घर विकणे. मग जागा मोक्याची, दर्शनी भाग उत्तम. मालकी निर्वेध. असं दुसरं मिळणार नाही. ताबा ताबडतोब. खाली तुमचा पत्ता. काका, यात नाव कुठे आलं?"

"सगळ्यात वर लिहिलंय तेच तर नाव!" मापकाका कळवळून म्हणाले. "आणि ते 'विकणे' नाही, 'विकत घेणे'! बरोबर तेच अक्षर आहे. वर फक्त अधिकचं चिन्ह..."

बाईंना हसू आवरेना. पण त्यांनी ते आवरलं, हे त्यांचे उपकार. कलंडलेल्या चहात त्यांनी बोट बुडवलं आणि टेबलावर ते अक्षर काढलं. "हे असं असलं की विकत घेणे." मग डोक्यावर एक छोटी फुली ओढली. "आणि ही टोपी घातली की विकणे. एवढाच फरक. पण फरक तो हाच!"

मापकाका चहाच्या त्या अक्षराकडे बघत राहिले. टोपी वाळत चालली होती.

"म्हणजे टोपी घातली गेली," काकू म्हणाल्या, "पण अक्षराला नाही."

मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मापकाकांनी सांगितलं, बाईंनी आईला सांगितलं, काकूंनी ऐकलं. काकूंचा राग उतरला की नाही, कळायला मार्ग नव्हता. बाई उठल्या, पुन्हा पुन्हा माफी मागू लागल्या. आजी मात्र उठल्या नाहीत. त्या जिन्याकडे बघत होत्या. मग हळूच मुलीला काहीतरी म्हणाल्या.

बाई संकोचून म्हणाल्या, "आई विचारतेय, विकायचं नसलं तरी वरचा मजला नुसता बघू का? आम्ही कितीतरी महिने घरं बघतोय. आमच्या फ्लॅटमध्ये माझे विद्यार्थी वाजवायला लागले की खालीवरून काठ्या आपटतात. आणि आई ज्या घरात वाढली त्याला असाच जिना होता म्हणे. ते पाडलं."

काकूंनी क्षणभर आजींकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "चला."

काकू आणि आजी वर गेल्या, बाई खालीच थांबल्या. एकीला दुसरीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण जिना चढता चढता दोघींचं बोलणं सुरू झालं ते थांबेना. मापकाका खाली बसून ऐकत राहिले. या घराचे आवाज त्यांना पाठ होते. आता त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या. आता काकूंनी अडकणारी खिडकी ढकलली. आता ओल आलेली भिंत दाखवताहेत. स्वतःच्या घराची किंमत स्वतः करू नये, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी इतका पाळला होता की या घराकडे त्यांनी कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. आज प्रथमच, दुसऱ्याच्या पावलांमागून, ते मनातल्या मनात खोल्या मोजत निघाले.

थोड्या वेळाने दोघी उतरू लागल्या. जिन्याच्या मध्यावर पावलं थांबली. ही थांबण्याची जागा मापकाकांच्या चांगल्या ओळखीची होती. काकू रोज तिथे थांबायच्या. तिथे एक छोटी खिडकी आहे, रस्त्यावरची गंमत बघत असेल, असं समजून ते पेपर वाचत राहायचे. पण आज त्यांना दिसलं, कारण आज ते उठून जिन्याच्या पायथ्याशी आले होते. काकू खिडकीकडे बघतच नव्हत्या. एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने त्या गुडघा दाबत होत्या. शेजारी आजीही आपला गुडघा दाबत होत्या, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या.

लोकांच्या घरांच्या भिंती टकटक करून आतली पोकळी ओळखणारा हा माणूस. स्वतःच्या जिन्यातला एवढा आवाज त्याला कळला नव्हता!

पाहुण्या गेल्यावर मापकाका म्हणाले, "किती वर्षं दुखतोय?"

"काय?"

"गुडघा."

"ते होय? बरीच."

"मग बोलली का नाहीस? मागे तो बिल्डर या जागेच्या बदल्यात फ्लॅट देत होता, तळमजल्यावर. मी हाकलून दिला त्याला. मला वाटलं, तुझा जीव या घरात अडकलाय."

"माझा?" काकू बघतच राहिल्या. "मला वाटलं तुमचा! म्हटलं, नोकरी गेली, बँकेने विचारणं सोडलं, आता घरही सोडायला लावलं तर हा माणूस उभा कशाच्या आधारावर राहील? म्हणून बसले चढत-उतरत."

जगात असं काही असतं, ज्याच्या भोवती मोजपट्टी धरायला सुरुवात कुठून करायची, हेच कळत नाही.

"त्या आजींचे गुडघेही दुखतात," थोड्या वेळाने ते म्हणाले. "त्या कशा चढणार?"

"विचारलं मी, हातवारे करून. त्या खालीच राहणार. वर व्हायोलिन." मग काकूंनी पदराने टेबलावरचा वाळलेला चहा पुसला आणि म्हणाल्या, "अहो, देऊन टाकू या का त्यांना? तसंही तुम्ही जाहिरात दिलीच आहे!"

पुढच्या रविवारी चौघं पुन्हा त्याच टेबलाशी बसली. मापकाकांनी आधीच सांगून टाकलं, "किमतीचं मला विचारू नका. स्वतःच्या घराचा भाव स्वतः सांगायचा नसतो." खरं म्हणजे आठवडाभर चोरून भिंती टकटकवून त्यांनी डोळे मिटले होते आणि डोळे उघडल्यावर आकडाही आला होता: सात. पुढे किती शून्यं, ते चौघांनाही ठाऊक होतं. पण सात हा आकडा त्यांनी ओठांच्या आतच ठेवला.

एवढ्यात एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला म्हणून बाई अंगणात गेल्या. आजींना थांबवेना. त्यांनी काकूंकडे बघून अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.

काकूंनी मोजलं. अंगठा एक, तर्जनी दोन. दोन! इतकं सगळं प्रेमाने दाखवलेलं घर, आणि दोन? त्यांनी जोरात मान हलवली.

आजींनी थोडा विचार केला आणि तर्जनी आकड्यासारखी वाकवून एकच बोट पुढे केलं.

"अहो!" काकू नवऱ्याला म्हणाल्या. "दोनावरून एकावर आल्या! बोटसुद्धा वाकडं! सरळ बोटाने तूप निघत नाही असं सांगतायत की काय मला?" त्यांनी अशी मान हलवली की कानातलं डुललं.

आजींनी दीर्घ श्वास घेतला. मग दोन्ही तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवून फुली केली.

"फुली मारली!" काकू उठल्याच. "संपला व्यवहार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!"

बाई धावत आत आल्या. आईची फुली पाहिली आणि जागच्या जागी पांढऱ्या पडल्या. "आई, दहा?" गडबडीत त्यांच्या तोंडून आपल्याच भाषेत निघालं.

"कसले दहा?" काकू म्हणाल्या.

मग उलगडा झाला. चिनी माणूस एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतो. अंगठा आणि करंगळी ताणली की सहा. तीन बोटांची टोकं चिमटीसारखी जुळवली की सात. अंगठा-तर्जनी म्हणजे आठ. वाकडं बोट नऊ. आणि फुली दहा, तिला मात्र दुसरा हात लागतो.

"म्हणजे मी," काकू हळूच खाली बसल्या, "आठला नाही म्हटलं, नऊला नाही म्हटलं, आणि..." त्यांच्या डोळ्यांत जन्मात नव्हती अशी चमक आली. नवऱ्याने हयातभर आकडे सांगितले, पण नुसत्या मानेने दोन चढवून दाखवणं त्याच्या बापालाही जमलं नसतं!

मापकाकांनी मात्र बाईंकडे पाहिलं. बाई आईच्या कानात काहीतरी घाईघाईने सांगत होत्या आणि आजी हट्टाने मान हलवत होत्या. एकदा केलेली फुली त्या मागे घ्यायला तयार नव्हत्या. हा चेहरा मापकाकांना माहीत होता. घराच्या प्रेमात पडलेल्या माणसाचा चेहरा. असे चेहरे त्यांनी शेकड्याने पाहिले होते, आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "इतके देऊ नका. त्याची तेवढी किंमत नाही." त्याबद्दल त्यांना कुणी कधी शाल दिली नव्हती. आता हे पहिलंच घर असं होतं, जिथे गप्प बसलं की फायदा त्यांचाच होता.

ते काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले. आजींची नजर वर आली तशी त्यांनी हात छातीशी धरला आणि तीन बोटांची टोकं जुळवली.

सात.

आजी बघत राहिल्या. मग त्यांचा ताठ चेहरा हळूहळू सैल झाला, आणि त्या खुदकन हसल्या. त्यांनी फुली सोडली आणि अंगठा-तर्जनी ताणून टेबलावर ठेवली. सात नको, दहा नको. पहिलं म्हटलं होतं तेच.

काकूंनी मागे वळून पाहिलं. मापकाकांची चिमटी अजून छातीशीच होती.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. चहात साखर... चिमूटभर कमी आहे."

"सात," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. "दहाचा आकडा माझ्या हातात होता! आणि तुम्ही आपल्याच घराचा भाव पाडलात?"

"पाडला नाही," मापकाका खाली मान घालून म्हणाले. "सांगितला."

काकूंनी एक उसासा सोडला. मग आजींकडे वळून त्यांनी आपला अंगठा आणि तर्जनी ताणली आणि आजींच्या बोटांशेजारी ठेवली. आठ! बाईंचे डोळे भरून आले. आजींनी काकूंचा हात तसाच, आठच्या आठ, आपल्या मुठीत घेतला.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता एवढं खरं बोलायला लागलाच आहात, तर त्या टोपीवाल्या नावाचीही किंमत सांगून टाका. तेही सगळ्यांसमोर."

मापकाकांनी खिडकीकडे पाहिलं. डोळे मिटले. उघडले. मग दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक जुळवून त्यांनी हवेत एक मोठा, वाटोळा, सणसणीत भोपळा काढला.

याचं भाषांतर कुणालाच करावं लागलं नाही. सगळ्यात आधी आजी हसल्या.